सहा हुशार मुलं आणि माझी नजर

सोमवार, १ जुलै

अखेर योग्य काम योग्य हाती आलं. मुख्याध्यापकांनी बोलावून सांगितलं की आपल्या सरकारी शाळांतही असामान्य बुद्धीची मुलं असतात, ती शोधायची आणि दर शनिवारी त्यांचा वेगळा वर्ग घ्यायचा, असा वरून आदेश आलाय. सहा मुलं. काम माझ्याकडे. म्हणाले, बाई, दुसरं कोणी तयारच होईना. सरांचा स्वभाव पहिल्यापासून विनोदी.

मला आमच्या सिस्टर आठवल्या. कॉन्व्हेंटचा लांब कॉरिडॉर, फरशीला मेणाचा वास, आणि त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवलेला हात. चाइल्ड, देवानं तुला इतरांपेक्षा काहीतरी जास्त दिलंय, असं म्हणाल्या होत्या. ना चाचणी, ना मुलाखत. नुसती नजर. ती नजर आता माझ्याकडे आहे.

बुधवार, ३ जुलै

वरून चाचण्यांचं जाडजूड सीलबंद पाकीट आलं. उघडलं नाही. बुद्धी अशी पाकिटातून मोजतात का? आमच्या वर्गाला खेळाच्या सामानाची खोली मिळाली आहे. तिथल्या टेबलाचा एक पाय आखूड आहे. पाकीट त्याच्याखाली बरोबर बसलं.

शुक्रवार, ५ जुलै

निवड झाली. एकच प्रश्न विचारला, मोठेपणी कोण होणार? सहावी-सातवीतली पोरं, पण काय एकेक उत्तरं! एकजण वकिलासारखा हात हलवत बोलला, त्याला मी मनातल्या मनात बॅरिस्टर म्हणते. एकीचं अक्षर मोत्यासारखं, ती मोती. मुख्याध्यापकांचा पुतण्या त्यांनी सांगितलं म्हणून घेतला नाही. तो माझ्या नजरेतच भरला. त्यांनी सांगितल्यावर भरला, एवढंच. बाकी तिघंही नीटनेटकी, नखं कापलेली.

सातवी ब मधली ती शेवटच्या बाकावरची मुलगी मात्र नाही. तासाला पेंगत असते, म्हणून सगळे तिला डुलकी म्हणतात. तिनं उलट मलाच विचारलं, बाई, कितव्या वर्षापासून मोठं धरायचं? आणि वर जांभई दिली. माझ्या तोंडावर. अटिट्यूड!

शनिवार, ६ जुलै

पहिला वर्ग. गाद्या, फाटकी जाळी आणि चेंडूंचा ढीग बाजूला सारून बाक लावले. फेल्टच्या कापडाचे सहा तारे मी स्वतः शिवले होते, ते मुलांच्या छातीवर लावले. पटांगणातून कोणीतरी ओरडलं, ए, हवालदार आले रे! मत्सर. दुर्लक्ष केलं.

पाकिटासोबत वरून आलेल्या गणितांच्या पुस्तिकेतलं पहिलं गणित घातलं. एकाकडे काही संत्री आहेत. वाटेत तीन दरवाजे. प्रत्येक दरवाज्यावर हातातली निम्मी आणि वर एक द्यायचं. शेवटी एक संत्रं उरलं, तर सुरुवातीला किती होती? कोणालाच आलं नाही. मी अगदी शांत राहिले. घरी करून आणा म्हटलं.

घरी यांना सांगितलं, तर दाढीचा साबण तोंडाला तसाच ठेवून म्हणाले, बावीस. निवृत्त माणसाला दुसरं काम काय? मीही काढलंच असतं, पण उत्तर पुस्तिकेच्या मागे छापलेलं आहे, त्यामुळे गरज पडली नाही.

शनिवार, १३ जुलै

चमत्कार! सहाच्या सहा जणांचं उत्तर बरोबर. आणि पद्धत काय सुंदर! सुरुवातीपासून धडपडायचंच नाही. उरलेल्या एका संत्र्यापासून मागे मागे यायचं. एकात एक मिळवा, दुप्पट करा. परत एक मिळवा, दुप्पट करा. हे मी शिकवलेलं नाही. म्हणजे नुसत्या माझ्या सहवासानंच झालं. या पद्धतीला ‘सहवास पद्धती’ नाव द्यावं का?

वर्ग सुटला तेव्हा डुलकी बाहेर पायरीवर बसलेली. घरी का जात नाहीस म्हटलं, तर म्हणते, वर्ग सुटायची वाट बघते. बिचारी. आत येता आलं नाही, निदान ताऱ्यांचं दर्शन.

गुरुवार, १८ जुलै

स्टाफरूममध्ये शेजारच्या वर्गाच्या बाई म्हणाल्या, अहो, त्या डुलकीला घ्या की तुमच्यात. मी फळ्यावर गणित लिहून पूर्ण करायच्या आत तिचं झालेलं असतं, मग झोपते. मी हसून म्हटलं, झोप हा बुद्धीचा निकष ठरला तर आपल्या शिपायाला आधी घ्यावं लागेल. सगळे हसले. शिपाई सोडून.

संकल्प: रोज थोडं थोडं लिहून ‘सहवास पद्धती’वर निबंध पूर्ण करायचा.

शनिवार, २७ जुलै

या वेळच्या गणितावर सहाही जणांनी लिहून आणलं, प्रश्नातच चूक आहे, एक आकडा कमी आहे. पुस्तिका पाहिली. खरंच छपाईची चूक! मोठमोठ्या तज्ज्ञांच्या लक्षात न आलेली गोष्ट सहा कोवळ्या मेंदूंच्या एकाच वेळी लक्षात यावी! घरी आल्यावर डोळे भरून आले. यांनी विचारलं, सहाही जणांनी एकाच शब्दांत लिहिलंय? म्हटलं, होय, एकाच शब्दांत. यांनी नुसतं हं केलं. त्यांचा हा हं मला लग्नापासून आवडत नाही.

निबंध: शीर्षक झालं.

शनिवार, ३ ऑगस्ट

वरून तज्ज्ञ बाई येणार, पुढच्याच शनिवारी. वर्ग बघतील आणि आवडला तर तो कायमचा होईल, पुस्तकं मिळतील, नीट खोली मिळेल. मुख्याध्यापक म्हणाले, बाई, आता सगळं तुमच्यावर. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी मला खुर्ची दिली.

लेकीला फोन केला. ती म्हणाली, आई, फार भाषण करू नकोस. छोटंसंच लिहिलंय. आठ पानं.

शनिवार, १० ऑगस्ट

लिहवत नाही. तरी लिहिते.

तज्ज्ञ बाई साध्याच. कापडी पिशवी, सपाट चपला. माझं भाषण दुसऱ्या पानावर होतं, तेव्हा म्हणाल्या, चाचण्यांचे निकाल दाखवता का? मी विषय बदलला. पण शिपायाला अचानक हुशारी सुचली. ते पाकीट ना, आणतो की, म्हणत त्यानं टेबलाखालून ओढून काढलं. टेबल कललं. पाण्याचा पेला, गुच्छ, माझी उरलेली सहा पानं, सगळं मुख्याध्यापकांच्या मांडीवर.

तज्ज्ञ बाई बाकाकडे वळल्या. पिशवीतून काडेपेटी काढली आणि एकवीस काड्या मांडल्या. म्हणाल्या, दोघांनी खेळायचं. आळीपाळीनं एक, दोन किंवा तीन काड्या उचलायच्या. शेवटची काडी जो उचलेल तो जिंकला. हमखास जिंकायचं तर काय कराल?

माझी सहा रत्नं एकमेकांकडे बघत बसली. बॅरिस्टरनं नुसताच हात हलवला. शेवटी मोती म्हणाली, मॅडम, सोमवारी सांगितलं तर चालेल का? तज्ज्ञ बाईंनी विचारलं, सोमवारीच का? तेव्हा मुख्याध्यापकांचा पुतण्या, हे कार्टं मी नजरेनं निवडलेलं, अगदी निरागसपणे म्हणाला, तोवर डुलकीला विचारून होईल ना.

सगळ्यांच्या माना खिडकीकडे वळल्या. ती पायरीवर बसली होती.

तिला आत बोलावलं. तिनं काड्यांकडे बघितलं आणि म्हणाली, मी आधी. एक काडी उचलली. मग तज्ज्ञ बाईंनी दोन घेतल्या की हिनं दोन, त्यांनी तीन घेतल्या की हिनं एक. दर वेळी दोघींच्या मिळून चार. शेवटची काडी हिच्या हातात. म्हणाली, शेवटून बघत आलं की कळतं. पण मॅडम, समोरच्यालाही हे ठाऊक असेल तर खेळायचं कशाला? तज्ज्ञ बाई इतक्या मोकळेपणानं हसल्या की मला तिथून निघून जावंसं वाटलं.

मग मला विचारलं, ही तुमच्या वर्गात का नाही?

मी म्हटलं, हिनं जांभई दिली होती.

बोलून झाल्यावर ते वाक्य मला स्वतःलाच ऐकू आलं.

रविवार, ११ ऑगस्ट

आपलं माणूस हवं होतं. कॉन्व्हेंटमधल्या माझ्या बाकावरच्या मैत्रिणीला फोन लावला. सगळं सांगितलं आणि म्हटलं, सिस्टर असत्या तर त्यांनी मला समजून घेतलं असतं. त्यांना दिसलं होतं माझ्यात काय आहे ते. मैत्रीण म्हणाली, अगं, देवानं जास्त दिलंय, तेच ना? मलाही म्हणाल्या होत्या. त्याच कॉरिडॉरमध्ये. आणि ती दोन वेण्यांवाली आठवते? नापास होणारी? तिलाही. सगळ्यांनाच म्हणायच्या गं त्या! तू खरं धरलंस की काय?

म्हटलं, छे, छे.

फोन ठेवला. सिस्टरनीसुद्धा! एवढ्या एका वाक्याच्या आधारावर मी पुढचं शिक्षण घेतलं, घरच्यांशी भांडून नोकरी धरली.

दुपारभर विचार केला. बाकीच्यांना त्यांनी दयेपोटी सांगितलं असणार. पण ती दोन वेण्यांवाली पुढे मोठी सर्जन झाली, हे मैत्रिणीनं शेवटी उगाच सांगितलं.

सोमवार, १२ ऑगस्ट

सहाही जणांना उभं केलं. कधीपासून? पहिल्या शनिवारपासून, बाई. म्हणजे संत्र्यांपासूनच! मी तारे शिवले, माझ्या डब्यातला खाऊ दिला, स्टाफरूममध्ये तुमच्यासाठी भांडले. मोती रडायला लागली. पुतण्या म्हणाला, बाई, आम्हाला यायचंच नव्हतं, शनिवारी आमची मॅच असते.

तिला काय देत होतात, म्हणून दरडावून विचारलं. खाऊ? पेन? बॅरिस्टर म्हणाला, काही नाही बाई. तीच मागायची. म्हणायची, आज काय घातलंय ते सांगा ना. वर्गातली तिची संपलेली असतात.

मी पुढचं दरडावायचं विसरले.

संध्याकाळी वरून निरोप आला. तज्ज्ञ बाईंनी वर्ग बंद न करता महिनाभराची मुदत दिलीय. चाचणी सगळ्यांची घ्या आणि त्या मुलीला आधी आत घ्या. मुख्याध्यापकांनी मला तो निरोप उभ्यानं ऐकवला.

शनिवार, १७ ऑगस्ट

डुलकी आत आली. तारा लावू लागले तर म्हणाली, टोचतो का? म्हटलं, नाही. मग लावा म्हणाली. मी ठरवलं होतं की झालं गेलं विसरून मोठ्या मनानं हिला घडवायचं. पुस्तिका तिच्यापुढे ठेवली. तिनं पानं उलटली. एक, दुसरं, शेवटपर्यंत. मग अगदी हळू, मला वाईट वाटू नये अशा आवाजात म्हणाली, बाई, ही सगळी झाली. दुसरी आहेत?

दुसरी नव्हती. खोलीत गाद्या होत्या, जाळी होती, चेंडू होते.

पुढचा सगळा वेळ ती गप्प बसून राहिली. झोपली नाही. झोपली असती तर बरं वाटलं असतं. निघताना तीच म्हणाली, बाई, मी एक केलंय. तोच काड्यांचा खेळ, पण समोरच्यानं आत्ता जितक्या घेतल्या तितक्याच आपण घ्यायच्या नाहीत, आणि ज्याला काही उचलताच येणार नाही तो हरला. मग एकवीस काड्यांत कोण जिंकेल? मला वाटतं मला आलंय, पण तपासायला कोणी नाही. तुम्ही बघाल?

बघाल, म्हणाली. मला. खरं सांगायचं तर तिच्या डोळ्यांत मी पहिल्यांदाच नीट पाहिलं. म्हटलं, सोमवारपर्यंत सांगते. त्यात काय एवढं!

रविवार, १८ ऑगस्ट

सकाळी: शेवटून मागे यायचं, सोपं आहे.

दुपारी: मागे येता येता कुठून निघाले तेच विसरले. आधी एक घेतली तर जिंकते असं वाटतं. मग हरते.

चारला: हे स्वयंपाकघरातून विचारतायत, काडेपेटी कुठाय, चहा टाकायचाय. एकही काडी देता येत नाही, मांडणी मोडेल. यांना विचारणार नाही. विचारलं तर हं करतील.

संध्याकाळी: विचारलं. यांनाही येईना. जरा बरं वाटलं. मग दोघांनाही चहा मिळाला नाही.

सोमवार, १९ ऑगस्ट

सकाळी डुलकी दारातच उभी. बाई, बघितलंत? म्हटलं, बघितलंय, छान आहे, सविस्तर उद्या बोलू. तिचा चेहरा उजळला. उद्या म्हणजे उद्याच, नक्की ना?

मधल्या सुट्टीत मोतीला कोपऱ्यात गाठलं. म्हटलं, माझं नाव न सांगता तिला त्या काड्यांचं जरा विचारून येशील का?