बाबांच्या पुढून

पांढरकवडा,
ता. ९ जानेवारी १९५९

प्रिय मथुरा,

बाळाचा खोकला गेला का, ते आधी कळव. हे पत्र तुझा भाऊच तुला वाचून दाखवणार, तेव्हा त्याला सांग, मध्येच हसायचं नाही. माझं डोकं आधीच फिरलेलं आहे.

तू कापसाच्या जिनात कामाला होतीस तेव्हा हे खूळ नव्हतं. आग लागली तर बाहेर कसं पडायचं, याचा सराव मॅनेजरने माझ्या गळ्यात मारलाय. दर शनिवारी भोंगा वाजवायचा, सरकी काढायचे रेचे बंद करायचे आणि सगळ्यांनी मागच्या दाराने अंगणात पळायचं. पुरुष पळतात. बाया दारापर्यंत धावत येतात आणि पदर ओढून भिंतीकडे तोंड करून उभ्या राहतात. का, तर दारावर राखणीला आमचे बाबा! उकंडाजी म्हणजे अर्ध्या वस्तीचे सासरे, कुणाचे चुलत, कुणाचे मानलेले. त्यांच्या पुढून सून जाणार कशी?

ओरडून ओरडून माझा घसा बसला. बाबांना अंगणात उभं केलं, तर बाया उंबऱ्यावर अडल्या. एका शनिवारी त्यांना चहाला पाठवलं, तर जिन झटक्यात रिकामं झालं आणि मॅनेजरने माझी पाठ थोपटली. पण खरी आग काय बाबांच्या चहाची वेळ बघून लागणार आहे?

मंगळवारी आग लागलीच. कापसातून खडा आला, रेच्यात ठिणगी उडाली आणि रुईने पेट घेतला. बाबा दार सताड उघडून ‘पया वं, पया’ म्हणून ओरडत होते आणि कांताबाई, नात्याने त्यांची सूनच, त्यांच्यासमोर पदर सावरत थांबली. तोच पदर पेटला. शेवटी बाबांनीच तिला दंडाला धरून बाहेर ओढलं. जीव वाचला, हात मात्र चांगलाच भाजलाय. मला इतका राग आलाय, पण तो काढू कुणावर? तिच्यावर तर काढवत नाही.

तेव्हापासून बाबा धड जेवत नाहीत. आज सकाळी आपणहून म्हणाले, “मथुरेले चिठ्ठी लिव. थे माह्यापुढून पयाली, तं बाकीच्याबी पयतीन.” तू त्यांची सख्खी सून; लग्न झाल्यापासून त्यांनी तुझा चेहरा नीट पाहिलेला नाही, आणि हे तेच बाबा सांगताहेत. म्हणून लिहितोय. बाळाला इथे आई सांभाळेल, तू पुढच्या शनिवारच्या सरावाला ये. भोंगा वाजला की पदराकडे बघू नकोस, सरळ त्यांच्या पुढून पळ. ते दारात तुझी वाट बघत उभे असतील.

तुझाच,
गोविंदा