क्लेडुंगच्या चढाचं ऑइल

२५ मार्च, मंगळवार

नाही घालणार! काकांनी गावाहून पाठवलेलं ऑइल बाबांच्या मोटरसायकलमध्ये मी घालणार नाही.

डबा देखणा आहे. काका तिकडे आमच्या गावी, वोनोसोबोला, भाजीच्या व्यापाऱ्याची मोटार चालवतात. तिच्यासाठी आणलेलं महागाचं ऑइल त्यांनी खास धाकट्या भावासाठी मागून घेतलं. बाबा तर हरखलेच — "एवढ्या मोठ्या मोटारीला चालतं, मग आपल्या फटफटीला मेजवानीच की!"

पण मोटारीचा क्लच कोरडा असतो. आपल्या गाडीचा इंजिनाच्या ऑइलातच बुडालेला. मोटारीचं ऑइल त्याला फार निसरडं. प्लेटा एकमेकींना धरतच नाहीत — इंजिन बोंबलतं, गाडी हलत नाही. आणि आम्ही ईदला गावी जाणार ते तिघं एका गाडीवर, मागे फळी बांधून सामान, वाटेत क्लेडुंगचा घाट!

मी कामाला आहे त्या गॅरेजात गिऱ्हाइकांना हेच सांगताना माझी जीभ अडत नाही. आज बाबांना सांगताना मात्र तीनदा अडखळले.

२६ मार्च

माझंच चुकत असेल तर? कामावर जाऊन पुन्हा पडताळलं. ऑइलचा घट्टपणा गाडीच्या पुस्तकात दिलाय तेवढाच हवा, आणि डब्यावर 'एम ए' हवं — म्हणजे ओल्या क्लचसाठी. 'एम बी' लिहिलेलं स्कूटरचं, तेही नको. चुकत नाहीये. 'एम ए'चं ऑइल आणलं.

रोजा सोडताना बाबांनी मी आणलेला ऑइलचा डबा फिरवून फिरवून पाहिला. मग म्हणाले, "घाल, विगाती. घरात शिकलेली तू एकटी. तुझं नाही ऐकायचं तर कुणाचं?"

भांडी घासताना आपोआप हसू येत होतं. आई म्हणाली, "काय गं, लग्न ठरलं का?"

२९ मार्च

पोचलो! बाबा आणि आईच्या मध्ये चेंगरून मी घाटभर फक्त इंजिन ऐकत होते. क्लच एकदाही घसरला नाही!

काका दारातच. "काय रे, कसं होतं माझं ऑइल?"

"फार छान, दादा. पाखरासारखी आली गाडी."

मी बाबांकडे पाहिलं. ते जमिनीकडे. थोरल्यानं दिलेली वस्तू वापरली नाही असं आमच्यात कुणी म्हणत नाही. कळतं मला. तरी — ती गाडी माझ्या ऑइलवर आली!

३० मार्च

घात झाला. बाबांच्या शब्दावर काकांनी मोटारीचं तसलंच ऑइल पानजीदादाच्या मोटरसायकलमध्ये घातलं. दादा त्यांचा मुलगा. ईद झाली की बायकोला घेऊन डिएंगला सासुरवाडीला जाणार — सगळा चढ. वहिनी गरोदर. क्लच निसटला तर गाडी मागे येईल.

"बाबा, तुम्ही सांगा ना."

"सणासुदीला काय सांगू पोरी? खोटं बोललो म्हणून?"

३१ मार्च, ईद

नमाजानंतर धाकट्यांनी एकेक करून थोरल्यांपुढे गुडघे टेकायचे, वर्षभराच्या चुकांची माफी मागायची. माझी पाळी आली. काकांच्या गुडघ्यावर कपाळ टेकवलं आणि बोलूनच गेले — "काका, बाबांच्या गाडीत तुमचं ऑइल नव्हतं. मीच घालू दिलं नाही. मोटरसायकलला ते चालत नाही. दादाच्या गाडीतलंही काढा. वहिनी मागे बसणार आहे!"

बाबांकडे बघवेना.

काकांचा हात माझ्या डोक्यावर तसाच. "मग घाट कुणाच्या ऑइलवर चढलात?"

"माझ्या."

एवढ्या मोठ्यानं बोलले मी!

काका पानजीदादाकडे वळले. "ऊठ रे. नवा सदरा काढ आणि ऑइल सोड. ही सांगेल तेच भर."

"अरे, ताटं वाढलीत!" काकू ओरडत राहिल्या. कुणी ऐकलं नाही. पान्हा माझ्या हातात, वाटेसाठी घेतलेला माझा जादा डबा पायाशी, आणि बाबा शेजारी उकिडवे बसून येईल त्याला सांगत होते, "माझी मुलगी."

२ एप्रिल

दादा-वहिनी डिएंगला सुखरूप पोचले.

रस्त्याकडच्या खोलीतली बटाट्याची पोती काकांनी सकाळी बाहेर काढली. "गॅरेज इथंच टाक. गावभर फटफट्या आहेत, सांगणारं कुणी नाही." राहतेस का इथे, असं बाबांनी मला विचारलं — मला!

उद्या परतीच्या वाटेवर गाडीवर आई-बाबा दोघंच.