माझ्या हिरड्यांबाबत यंत्राचे म्हणणे

८ जानेवारी, गुरुवार
मी, दत्तात्रय सदाशिव पिंपळखरे, वय अठ्ठ्याहत्तर, शिक्षण मराठी चौथी, राहणार ओरछा गेट, झाशी, कापडाच्या दुकानाचा मालक (दुकान आता मुलगा पाहतो), पूर्ण शुद्धीवर राहून लिहितो की आज माझ्या दातांचा अपमान झाला.

खालचा एक दात हलतो, एवढीच तक्रार. सूनबाई नव्या दवाखान्यात घेऊन गेली. परक्यासमोर तोंड उघडायचे, म्हणून निघण्यापूर्वी राखुंडीने दात-हिरड्या दोनदा घासल्या. डॉ. बाईंनी फोटो काढले. संगणकाचा निकाल: खालच्या पुढच्या चारही दातांच्या हिरड्या गेलेल्या. बाईंनी पडद्यावरची नजर काढली नाही. "बाबूजी, एआई बता रहा है. चारों निकालने पड़ सकते हैं."
मी विचारले, "और आप क्या बता रही हैं?"


९ जानेवारी
माघी चतुर्थीस घरच्या गणपतीपुढे मंत्रपुष्पांजली मी म्हणतो. दुसऱ्या कोणास पाठ नाही. नातवंडे मराठी समजतात, उत्तर हिंदीत देतात. पुढचे दात गेले तर शब्दांऐवजी वारा निघेल.
सूनबाई म्हणते, "बाबा, कवळी बसवू ना. मशीन झूठ थोडीच बोलेल?"
"मशीनला हिरडी आहे काय?"
रात्री जेवलो नाही. भाकरी कडक होती. (खरे लिहावे. राग होता.)

१२ जानेवारी, सोमवार
पुन्हा गेलो. सांगितले, हात लावून पाहिल्याशिवाय खुर्चीवरून उठणार नाही. बाई हसल्या. कापसाने हिरडी पुसली. बोळा काळा.
"ये क्या लगाते हैं आप?"
"राखुंडी. बदामाची टरफले जाळून घरी करतो."
पुन्हा फोटो. आता यंत्राने चारांपैकी तीन हिरड्या बऱ्या ठरवल्या! कापसाच्या बोळ्याने मत बदलणाऱ्यास मी पंच मानीत नाही.

मग बाईंनी खुणा केलेली बारीक सळई प्रत्येक दाताभोवती हिरडीत घालून पाहिली. दुखले. पुढचे तीन घट्ट. हलणारा हलतोच. मात्र मागची एक दाढ, जिला यंत्राने दोन्ही वेळा निरोगी म्हटले होते, तेथे सळई खोल गेली व रक्त आले. तेथील सफाई लगेच केली.
मलाही शाबासकी नाही. "राखुंडी बंद, बाबूजी. मसूड़े छिल रहे हैं."
म्हणजे हिरड्या सोलवटत आहेत, त्याही माझ्याच हाताने.
"और ये हिलने वाला? निकाल दें?"
"चतुर्थी के बाद पूछिए."
प्रसादाचे आमंत्रण देऊन आलो.

२२ जानेवारी, गुरुवार. माघी चतुर्थी
मंत्रपुष्पांजली अथपासून इतिपर्यंत म्हटली. मध्येच तो दात पुढे झुकला. जिभेने मागे रेटला व पुढची ओळ घेतली. आवाज खाली आणला नाही.
डॉ. बाई आल्या होत्या. मोदक हातात घेऊन म्हणाल्या, "अब, बाबूजी?"
"पहले आपका हाथ, फिर मशीन. फिर मैं सोचूँगा."
राखुंडीचा डबा सूनबाईने वर ठेवला आहे. कोठे, ते मला ठाऊक आहे.

समक्ष हजर: मुलगा, सूनबाई, दोन्ही नातवंडे, डॉ. बाई. सर्वांच्या देखत दात जागेवर होता.