बाजूला काढलेला पाइप

आबा,

तुमच्या जीपबद्दल मी कुणाशी फारसं बोलत नाही. नातवंडं विचारतात, त्या काळी लोक वेल्ह्याला कसे जायचे? मी म्हणते, आमच्या घरची गाडी होती, आणि विषय तिथंच थांबवते.

पलटणीतून सुटून आल्यावर तुम्ही ती जुनी जीप लिलावातून आणली आणि मार्गासनीहून वेल्ह्याला, नसरापूरला माणसं नेऊ लागलात. रस्ता कसला, दगडच ते. मागं गेलेला सायलेन्सर सारखा घासायचा आणि एकदा ओढ्यात तो निखळलाच. मग भोरच्या एका फिटरनं नवा पाइप बसवून दिला. मागं न नेता इंजिनापासून थेट बाजूला, तुमच्या पायाखालून बाहेर काढलेला. तुम्ही आईला हौसेनं अंगणात बोलावलंत. "ऐक तर आवाज," म्हणालात. तिनं पदर नाकाला लावला. "वास लई येतोय." "नवा हाय म्हणून," तुम्ही हसलात.

तेव्हापासून गाडीनं तुमचा पिच्छा पुरवला. चढावर ती गुदमरायची, मधेच पाइपातून फटाके वाजायचे. रिकामा दिवस मिळाला की तुम्ही बॉनेट उघडून बसायचात. तुमचं म्हणणं, कार्बोरेटर पेट्रोल कमी देतोय. तुम्ही स्क्रू फिरवून पेट्रोल वाढवायचात, गाडी थोडे दिवस बरी चालायची, पण धूर आणखी काळा व्हायचा. पावसाळ्यात बाजूचे पडदे बांधून घेतले की चढावरच्या एका वळणाशी माणसांना गरगरायला लागायचं. एक गरोदर बाई ओकली, एक म्हातारे बसल्या जागी कलंडले. त्या वळणावर कायतरी हाय, तिथं नारळ द्या, असं लोक म्हणू लागले. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून आपल्या घरात नारळ फुटत नव्हता. "वळणावर काय बी न्हाई. हाय ते गाडीत हाय," तुम्ही म्हणालात आणि पुन्हा कार्बोरेटर खोललात. तुमचं बरोबर होतं, आबा. नुसती जागा चुकली.

श्रावणातली झड लागलीय. दुपारची वेळ. मी चुलीपुढं भाकऱ्या थापतेय. आई गवताचा भारा टाकून आत येते, इरलं भिंतीला टेकवते. "फाट्यावर गाडी उभी हाय. पडदे लावून झोपलेत. इंजान चालूच हाय," ती म्हणते. बॅटरी उतरली होती, गाडी एकदा बंद पडली की ढकलावी लागायची, म्हणून तुम्ही ती चालू ठेवायचात. "उठवलं न्हाई म्या. पहाटंपास्नं राबतायत. झोपू दे जरा." मी तुमची भाकरी झाकून ठेवते. मग वेल्ह्याला निघालेला एक जण चिखलातून धावत येतो आणि दारातच उभा राहतो. फाट्याकडं हात दाखवतो.

तुमचे गाल लाल झाले होते. मी तुम्हाला इतकं टवटवीत कधी पाहिलं नव्हतं. जमलेल्या बाया म्हणाल्या, भाग्यवान, झोपेत गेले. तो चेहरा अजून माझ्यासमोर येतो, आणि तो भेसूर नसतो याचंच मला भय वाटतं. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर आले, त्यांनी गाडी चालू होती का एवढंच आधी विचारलं. मग म्हणाले, धुरातला वायू आत भरला, माणसाला कळतसुद्धा नाही. आईनं विचारलं, "म्या उठवलं असतं तर?" ते म्हणाले, "सांगता येत नाही, बाई."

दुसऱ्या दिवशी ती एकटीच गाडीपाशी गेली. तुमच्या पायाखालची चटई तिनं उचलली. खालचा पत्रा काजळीनं काळा झाला होता. जिथं तो पाइप इंजिनाला जोडला होता तिथं चीर गेली होती आणि धूर पेडलच्या भोकातून वर येत होता. तुम्ही जितकं पेट्रोल वाढवलंत, तितकं ते विष वाढलं.

पुढं काकांनी वरवे गावचं एक गिऱ्हाईक आणलं. त्या माणसाला गाडीपेक्षा तो पाइपच आवडला होता. आई मधे उभी राहिली. "आदी त्यो पाइप कापा. मग गाडी न्या."

"वयनी, सौदा मोडंल," काका म्हणाले.

"मोडू द्या. ह्येनं माझा माणूस नेला. दुसऱ्या कुणाच्या बाईला म्या त्ये देणार न्हाई."

ती हलली नाही. शेवटी वरव्याच्या माणसानंच टोपी काढली आणि म्हणाला, "कापा."

त्यानंतर आपल्या घरात दुपारी कुणी निवांत झोपलं नाही. डोळा लागला की ती येऊन खांदा हलवायची. "जागी हायेस न्हवं?" माझं लग्न झालं, ती माझ्याकडं आली, जावयालाही तिनं सोडलं नाही. आधी ते चिडायचे, मग झोपेतच "जागा हाय, आत्ती" म्हणायला शिकले. तुमचं नाव मात्र ती काढायची नाही.

गेल्या महिन्यात ती दुपारी आडवी झाली. मी खांदा हलवला. पुन्हा हलवला.

म्हणून हे लिहायला बसले. ती भेटली, तर तिला सांगा, ती गाडीच्या पडद्यापाशी आली तेव्हा तुम्ही गेलेलेच होतात. खरं काय ते तुम्हाला ठाऊक. पण तिला हेच सांगा.

मेल्यावर माणसं भेटतात यावर आपला विश्वास नाही, आबा. माझाही नाही. हे टपालात टाकायला पत्ताही नाही. तरी सकाळपासून मी वाट बघतेय, तुम्ही हो म्हणाल याची.