उलटा नकाशा

रविवार, संध्याकाळ. बजाजनगर.



आज कॉलनीच्या हॉलमध्ये जुना इंग्रजी सिनेमा लावला. ब्लॅक अँड व्हाइट, विनोदी, जहाज चालवायची अक्कल नसलेल्या एका कप्तानाचा. पण गोऱ्यांचं बोलणं कुणालाच कळेना. बायका उठायला लागल्या, तेव्हा मी माईक घेतला आणि पडद्यावरचं बोलणं मनानंच रचून मराठीत सांगत सुटले.

कप्तानानं नकाशा उलटा धरला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मला शिकवू नका. वाळूजमध्ये वीस वर्षं काढलीत."

अख्खा हॉल हसला. हे वाक्य कारखान्यातल्या आमच्या सुपरवायझर शिंदे साहेबांचं, सगळ्यांना पाठ, आणि ते पहिल्याच रांगेत बसलेले. मागच्या आठवड्यात त्यांनी ड्रॉइंग असंच उलटं धरलं होतं. सगळ्या प्लेटांना भोकं भलत्या बाजूला पडली, माल भंगारात गेला आणि बोलणी आमच्या लाइनीनं खाल्ली. मला तेव्हाच दिसलं होतं. मग गप्प का बसले मी?

नोकरी गेली असंच वाटलं. तरी थांबले नाही. उलटा नकाशा पडद्यावर होता तोवर साहेबांच्याच आवाजात बोलत राहिले.

सिनेमा संपल्यावर ते चहाचा कप घेऊन आले.

"नाझिया, लई बोलतीस."

"व्हय साहेब."

"मग त्या दिवशी का नाय बोललीस?"

चहा संपवून ते म्हणाले, "उद्यापासून ड्रॉइंग आधी तू बघायचं. मग मी."

नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदाच सोमवारची वाट बघतेय.