उजव्या साखळीतली कडी

ता. ४, मंगळवार
सुनंदाने मोबाईलवर फोटो दाखवला. "आई, ही बाबांची गाडी का गं?" ओळखायला चष्मा लागला नाही. पुढे चाकं, मागे रणगाड्यासारखी साखळी. यांचीच. सोनगीरला कोणा साहेबाच्या शेडात उभी. खाली पाटीवर लिहिलंय, विलायती लष्करी गाडी, मूळ कारखान्याची.
मूळ म्हणे! पुढचा ट्रक लष्कराचा, लिलावातला, ते खरं. मागचं बठ्ठं, साखळीसकट सगळं, यांनी धुळ्याच्या गॅरेजात बसवलं. पावसाळ्यात काळ्या गाऱ्यातून माल ओढायला. यांनी सांडशी धरली, हातोडा माझ्याकडे.

ता. ५
साहेबाला फोन. बोलतो गोड. "आजी, अशा गाड्या परदेशातच बनत. पुस्तकात आहे." म्हटलं, मी चौथी शिकले, पण त्या साखळीला हात लागलेत माझे. म्हणे कारखान्याचं नाही ते सगळं काढतोय, हिरवा रंग देऊन प्रदर्शनात ठेवणार.
म्हणजे यांचंच काढणार.
खूण सांगितली. उजव्या साखळीत एक कडी वेगळी. लोखंड कमी पडलं तेव्हा असोद्याहून माझ्या वडिलांच्या बैलगाडीची धाव आणली. चाकावरची ती लोखंडी पट्टी तापवून, ठोकून कडी केली. लष्कराकडे बैलगाडी होती का? तो हसला. "ती खराब कडी ना? कालच काढून टाकली."
कालच.

ता. ६
सु. म्हणते, जाऊ दे ना आई, बाबा गेले, आता गाडीचं काय. जाऊ कसं देऊ. उद्या पहिली एस.टी.

ता. ७, शुक्रवार
जळगावहून धुळे, तिथून सोनगीर. साहेब नाही. शेडात फिटर, त्याला नाना म्हणतात. भंगाराच्या ढिगात हात घातला.
"अक्का, बठ्ठं भंगार शे. काय शोधी ऱ्हायनात?"
म्हटलं, माहेर.
हसला. मग तोही उकिडवा बसला, शोधू लागला.
दुपारी सापडली. भोक तिरकं. ते माझ्यामुळे, ठोकताना हात हलला होता. दुसरी करू म्हटलं तर हे म्हणाले, राहू दे, ओळखू येईल.
उघड पिशवीत टाकली. नाना म्हणे, "साहेबले काय सांगू?"
सांग, म्हातारी कडी लई गयी.

ता. ९
सकाळपासून साहेबाचे तीन फोन. साखळी जुळत नाही. नवी कडी कापून घातली, ती अडकते. अडकणारच. यांनी बाकीची साखळी त्या तिरक्या भोकाच्या मापाने बसवलीय.
"आजी, कडी द्या."
आधी पाटी बदला. मागचं काम धुळ्याचं, आणि यांचं नाव.
"जाणकार लोक हसतील हो."
हसू दे. दात दिसतील.
विचार करतो म्हणाला. करा.

ता. १२
फोन नाही. कडी घासली, तेल दिलं. पाटीचा मजकूर मीच लिहिला. सु.ने माझं 'धुळं' खोडून 'धुळे' केलं, आणि वर म्हणते, "आई, खाली तुझंपण नाव घाल." काहीतरीच. पण तिने घातलं. खोडलं नाही मी.
उद्या सोनगीर. पिशवीला दुहेरी टाके मारले, कडी जड आहे. हातोडी घरची नेते. पाटी लावली असेल तर कडी मीच बसवीन, नानाने नुसतं धरायचं.
परतीची एस.टी. साडेचारला. मी एकटी येते, का कडी आणि मी, बघू.