सातही प्रश्नांना शून्य

४ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझा सहाव्या महिन्याचा तक्ता काल मिळाला. सातपैकी पाच प्रश्नांना शून्य. रात्री किती वेळा उठावं लागतं, धार तुटक येते का, पूर्ण मोकळं झाल्यासारखं वाटतं का, सगळीकडे तुझी ती ठसठशीत शून्यं. ऑपरेशनआधी याच तक्त्यात तुला पस्तीसपैकी एकोणतीस होते. शाळेत एवढे मिळाले असते तर घराणं उजळलं असतं, असं वहिनी तेव्हा म्हणाली होती. आता कमी गुणांचा आनंद आहे.

वाढलेल्या प्रोस्टेटवरची ही नवी, छोटी शस्त्रक्रिया मोठ्या डॉक्टरांनी सुरू केली तेव्हा सगळ्यांनी नाकं मुरडली होती. म्हणून आमच्या या अभ्यासात चिठ्ठ्या टाकून दोनशे बारा रुग्ण वाटले, निम्म्यांना जुनी, निम्म्यांना नवी. तुझी चिठ्ठी नवीची निघाली. वर्षभर नवीने जुनीची बरोबरी केली की ती सगळीकडे सुरू होईल. आत्तापर्यंत तरी बरोबरी आहे.

नोव्हेंबर-डिसेंबरात मी हात मोडून घरी बसले होते, तेव्हा सगळ्यांचेच आकडे बिघडले. तुझेही एकवीस. परत आल्यावर ते पाहून मी तक्ते घेऊन डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले, थंडीचा परिणाम. तसंच असावं. मी परतल्यावर गाडी रुळावर आली.

कोरा तक्ता सोबत आहे, आणि त्याखाली माझी नेहमीची ओळ: ‘तुमची प्रकृती सुधारते आहे हे वाचून डॉक्टरांना फार आनंद झाला.’ सगळ्यांनाच लिहिते. छापील कागदाला माणसं बिचकतात, हाताने लिहिलेलं दिसलं की तक्ते वेळेवर येतात.

सहाव्या महिन्याची सोनोग्राफी मात्र तू चुकवलीस. आकडे चांगले असले की आम्ही कुणाच्या फार मागे लागत नाही. तुझ्या लागणार. फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून लेखी बजावते आहे.

माया आहे तेवढी राहू दे, वाढली तर घेऊच.

तुझी,
चिंगी

१५ फेब्रुवारी

चि. चिंगीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. तुझी ती ओळ कापून मी आरशाच्या कडेला खोचली आहे. दाढी करताना वाचतो. एवढ्या मोठ्या डॉक्टरांना माझ्या मूत्राने आनंद व्हावा, याहून सेवानिवृत्त माणसाला काय हवं?

लघवी मोजायला दिलेलं तुमचं मापाचं भांडं मी आल्या आल्याच तपासलं होतं. वजनमापे निरीक्षकाची सवय जात नाही. अडीचशेच्या खुणेला चार मिलिलिटरची चूक आहे. दुकानदार असतीस तर खटला भरला असता.

प्रवासाचं म्हणशील तर गुडघे कुरकुर करतात. सहा तास बसमध्ये बसणं नको वाटतं. पावलं जरा सुजतात, म्हणून एक नंबर मोठ्या चपला घेतल्या, त्या चांगल्या निघाल्या. जेवणावर वासना नाही एवढंच. तुझ्या वहिनीला वाटतं तिच्या हाताची चव गेली. मी तिला तसं वाटू देतो, वाद वाचतो.

तुझा अभ्यास नीट पार पडो. चार वर्षं राबली आहेस. आपल्या घरातून कुणाचं तरी नाव छापून येईल.

जिव्हाळा आहेच, पत्रांत खंड नको.

दादा

२० मार्च

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

मी तुम्हाला सहसा लिहीत नाही, त्यामुळे पाकिटावरचं अक्षर पाहूनच दचकला असाल. यांना न सांगता लिहिते आहे.

यांना लघवी होत नाही. थेंब थेंब होते. आत जातात आणि नळ सोडतात, म्हणजे मला पाण्याचा आवाज यावा. अर्धा अर्धा तास. परवा मी दाराच्या फटीतून पाहिलं. भिंतीला डोकं टेकून उभे होते आणि नळ वाहत होता. तुमचं मापाचं भांडं कपाटावर कोरडं पडलं आहे. तीन दिवसांच्या नोंदी एका बैठकीत जेवणाच्या टेबलावर लिहितात, वेगवेगळ्या पेनांनी.

मी खूप बोलले. तर म्हणतात, तिचा अभ्यास आहे, सख्ख्या भावानेच तिच्या साहेबांपुढे तिचं नाक कापायचं का. आणि डॉक्टर इतके खूश आहेत, त्यांना आता कसं सांगायचं. कधी म्हणतात, होईल हळूहळू, बाकीचे सगळे बरे झालेच आहेत ना.

आठवडाभर सकाळी ओकाऱ्या होतात. अंग खाजवून खाजवून ओरबाडलं आहे. काल मला त्यांनी आईच्या नावाने हाक मारली आणि मग हसण्यावारी नेलं. मला हसू आलं नाही.

काय करू ते कळवा. लवकर.

तुमची,
वहिनी

२३ मार्च

वहिनीस,
सा. न.

तुझं पत्र वाचून फोनवर मी एवढंच ओरडत होते की त्याला आत्ताच्या आत्ता जवळच्या दवाखान्यात ने. तू नेलंस आणि त्यांनी लगेच नळी घातली, हे शेजाऱ्यांकडून कळलं. रविवारी पोचते. तोवर हे कागदावर लिहिते, तोंडाने जमणार नाही.

काल सगळे तक्ते काढून बसले. महिन्यामागून महिना लावला. माणसं बिघडली होती ती फक्त दोन महिने, मी नव्हते तेव्हा. माझ्या जागी आलेली मुलगी कोरे तक्ते नुसते पाकिटात घालून पाठवायची. माझी ओळ नव्हती. ओळ नव्हती तेव्हा माणसांनी खरं लिहिलं. दादानेसुद्धा, कारण पाकीट परकं कुणीतरी फोडणार होतं. मी परतले, ओळ परतली आणि सगळे पुन्हा बरे झाले.

आम्ही त्याला थंडी म्हटलं.

जुनी शस्त्रक्रिया झालेले शून्य लिहितात, नवी झालेलेही शून्य लिहितात. शून्याला शून्य सारखंच दिसणार. ही ओळ लिही असं मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हाताऱ्यांना बरं वाटेल म्हणून मीच सुरू केली.

दादाला यातलं सध्या काही सांगू नकोस.

चिंगी

१२ एप्रिल

चि. चिंगीस,
अ. उ. आ.

तू दोन दिवस राहून गेलीस तेव्हा मी धड शुद्धीवर नव्हतो, म्हणून हे पत्र. पहिल्या दिवशी नळीतून दोन लिटरच्या वर निघालं म्हणे. मूत्रपिंडांवर महिनोन्‌महिने उलटा दाब होता. नळीने तो उतरला, पण रक्तातलं क्रिएटिनिन उतरायचं तेवढं उतरलं नाही. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. किती दिवस, असं विचारलं तर इथला तरुण डॉक्टर पुढच्या खेपेची तारीख लिहून देतो.

वहिनीने शेवटी सगळं सांगितलं. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि यावेळी ते बरंच झालं.

आता ऐक. तू ही गोष्ट वर नेऊ नकोस. माझं व्हायचं ते झालं. माझा कागद काढून टाक, एक माणूस गळाला असं लिही. तुझी नोकरी जाईल, डॉक्टरांची अब्रू जाईल, आणि माझ्या मूत्रपिंडात काडीचा फरक पडणार नाही. खोटं मी लिहिलं. तू फक्त गोड बोललीस, तो काही गुन्हा नाही.

मोठ्या भावाचं एवढं ऐक.

दादा

९ मे

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

ऐकलं नाही.

तुझं पत्र आलं त्याच सकाळी मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत तक्ते मांडले. त्यांनी त्या दोन महिन्यांच्या चढलेल्या आकड्यांवर बोट ठेवलं. मग म्हणाले, त्या ओळीचा उल्लेख अहवालात करायलाच हवा का, औपचारिक भाग तर नव्हता. मी म्हटलं, माझा भाऊ डायलिसिसवर आहे. ते उठून हात धुवायला गेले. परत आल्यावर म्हणाले, सगळ्यांना बोलवा, तक्ता काहीही म्हणो.

सोनोग्राफी चुकवलेले एकशे सव्वीस होते. आत्तापर्यंत ब्याऐंशी येऊन गेले. सतरा जणांच्या मूत्राशयात लघवी साठून राहते, त्यांतल्या तिघांची मूत्रपिंडं तुझ्यासारखी. सतरांतले पंधरा नवी शस्त्रक्रिया झालेले. काल ती शस्त्रक्रिया थांबवली. बाकीच्यांना वेळेत नळी मिळाली, काहींना जुनी शस्त्रक्रिया होईल. तू म्हणालास तसा एक माणूस गळाला असं लिहिलं असतं तर ते घरीच बसून राहिले असते.

त्या बोलावण्याला उत्तर म्हणून एका शिंप्याच्या मुलीचं पत्र आलं. वडील जानेवारीतच गेले, मूत्रपिंडं निकामी होऊन. त्यांचा शेवटचा तक्ता माझ्याकडे आहे. सातही प्रश्नांना शून्य. तो मिळाल्यावर मी त्यांना पुढचा तक्ता पाठवला होता, खाली माझ्या ओळीसकट. तो त्यांच्या तेराव्या दिवशी पोचला. तिने मला दोष दिलेला नाही. एवढंच विचारलं आहे, की बाबांना बरं वाटत होतं असं ते तुम्हाला का लिहीत होते. मी चारदा उत्तर लिहायला बसले.

मला अभ्यासातून काढलं आहे. सध्या बाह्यरुग्ण विभागात केसपेपर काढून देते. योग्यच आहे. शनिवारी तुझ्याकडे येते.

तू रागावला असशील तर रागावूनच ये म्हण, पण ये म्हण.

चिंगी

१६ मे

चि. चिंगीस,
अ. उ. आ.

रागावलो होतो. दोन दिवस. मग ते सतरा जण मोजले.

शिंप्याच्या मुलीला खरं लिही. तुझ्या ओळीसकट. कमी-जास्त करू नकोस, तिच्या मनाची काळजी घेऊ नकोस.

ये. वहिनी स्टँडवर घ्यायला येईल, मला तेवढं चालवत नाही. परवाच्या डायलिसिसनंतर दोन तास थरथरत होतो. चेहरा सुजला आहे, कातडी मातकट झाली आहे. काल दोन घास गेले आणि परत आले. तू हळहळावंस म्हणून हे लिहिलेलं नाही. विचारलंस तर हेच उत्तर आहे, म्हणून लिहिलं.

दारात आलीस की सवयीने तुझ्या तोंडून निघेल, ‘दादा, बरा दिसतोस हं.’ तेवढं गिळ. आत ये, बस, आणि जे दिसेल ते सांग.

वाट बघतो.

दादा